सहीवरची घडी

१

"सही माझीच आहे," मुलगी म्हणाली. "पण या कागदावर मी कधी सही केलेली नाही."

बावीस वर्षं वकिली करून माझे केस पिकले. 'ही सही माझी नाही' असं शपथेवर सांगणारे पैशाला पासरी भेटतात, आणि त्यातल्या निम्म्यांची सही त्यांचीच निघते. पण सही आपली आणि कागद परका, हे माझ्यापुढे पहिल्यांदाच आलं होतं. मी चष्मा नाकावर ओढला आणि कोर्टातून आलेली झेरॉक्स पुन्हा वाचली.

छापील चार ओळी होत्या. 'आत्याने मृत्युपत्राने मला दिलेल्या दोन खोल्या मी घेत नाही. त्या माझ्या भावाला द्याव्यात. घर मी स्वतःच्या मर्जीने सोडले असून वडिलांबद्दल माझी काही तक्रार नाही. हे राजीखुशीने लिहून देत आहे.' खाली तिची सही, सहीखाली तिच्याच हातची तारीख. बाजूला दोन साक्षीदार, एक तिचा भाऊ आणि दुसरा वडिलांचा मित्र.

मुलगी एकतीस वर्षांची होती. वडिलांच्या बाइंडिंगच्या दुकानात तेरा वर्षं राबलेली. पगार परस्पर वडिलांच्या खिशात, कारण 'घराला लागतो'. सर्टिफिकेटं, ओळखपत्र, बँकेचं कार्ड वडिलांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. दुकानाच्या दारात एक पाटी होती. मुलीच्या दिवसभराच्या चुका त्या पाटीवर खडूनं लिहिल्या जात. गिऱ्हाइकं वही घेता घेता ती वाचत आणि हसत. चार महिन्यांपूर्वी ती एका पिशवीनिशी निघाली आणि नोकरदार बायकांच्या वसतिगृहात राहायला गेली. वडील तिथे दारात उभे राहून ओरडायचे. शेवटी व्यवस्थापकबाईंनी हात जोडून सांगितलं, महिनाअखेर खोली सोडा.

"सज्ञान मुलांना आईवडिलांविरुद्ध दाद मागता येते का हो?" पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, ते इतक्या हळू की जणू शिवीच देतेय.

येते. तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगते. मूल मोठं झालं म्हणून आईबापाला त्याला छळायचा परवाना मिळत नाही. त्यांनी तिच्या दारात, कामाच्या जागी, फोनवर यायचं नाही असा मनाई हुकूम मागता येतो. अडकवलेली कागदपत्रं परत मागता येतात. मजुरी मागता येते. हे सगळं आम्ही मागितलं होतं, आणि त्यावर वडिलांचं उत्तर म्हणजे हा चार ओळींचा कागद.

कागद खरा ठरला तर आत्याच्या खोल्या गेल्या, तक्रार गेली, आणि महिनाअखेरीला तिला जायला एकच दार उरत होतं. त्याच दारात ती पाटी होती.

"दहा दिवसांनी सुनावणी आहे," मी म्हणाले. "सही तुझी आहे हे तू कबूल करतेस. मग मी कोर्टाला सांगू काय?"

"खरं सांगा," ती म्हणाली.

कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला, "खरं सांगायला आधी ते सापडावं लागतं, बाळा."

त्या माझ्या सासूबाई.

२

सासूबाईंनी अडतीस वर्षं लाँड्री चालवली. गुडघे बोलायला लागल्यावर दुकान विकलं, आणि 'घरी भिंतींशी किती बोलायचं' म्हणून रोज अकराला माझ्या ऑफिसात येऊन बसायला लागल्या. माझी मदतनीस लग्न करून गेली तेव्हा फायली त्यांनी परस्पर ताब्यात घेतल्या. तेव्हापासून प्रत्येक फाईल जागच्या जागी सापडते आणि माझ्या प्रत्येक अशिलाला स्वतःच्या शर्टावरचा डाग कशाचा आहे ते कळतं. मला त्यांचा राग येतो तो दिवसातून तीनदा. त्या नाही आल्या की मात्र एकही काम सुचत नाही.

दुसऱ्याच दिवशी मुलीचे वडील, ते बाइंडर, स्वतः आले. उंच, स्वच्छ, गोड बोलणारा माणूस. नखांच्या कडांना वाळलेली खळ चिकटलेली.

"पोटची पोर आहे हो," ते म्हणाले. "तिचा पत्ता द्या, मी समजूत काढतो. बापलेकीत वकील कशाला?"

"तुम्हाला काय बोलायचं ते तुमच्या वकिलांमार्फत बोला," मी म्हणाले. "मला तुमच्याशी बोलता येणार नाही." आणि दार दाखवलं.

"उन्हातून आलेत, पाणी तरी घेऊ दे," सासूबाई मध्येच म्हणाल्या. मी डोळे वटारले. त्यांनी ते पाहिलेच नाहीत, म्हणजे पाहिले. "बसा हो. मी काही वकील नाही, मी आपली लाँड्रीवाली. कामाला कशी होती मुलगी?"

गोडवा एका क्षणात ओसरला. "बिनकामाची! डोळे आहेत की बटणं? म्हणून तर मी नियमच केला होता. वही तपासली की शेवटच्या कोऱ्या पानावर पूर्ण सही आणि तारीख घालायची. पान कमी निघालं तर चूक कुणाची ते कळायला नको?"

"तुमचा मुलगा पण सही घालतो का?"

"तो कशाला घालेल? तो दुकानाचा मालक होणार आहे."

ते पाणी पिऊन गेले. मी दार लावलं आणि वळले.

"अहो आई, समोरच्या पक्षाशी असं बोललेलं चालत नाही. यातलं एक अक्षर मला कोर्टात वापरता येणार नाही."

"नको वापरूस. डोक्यात तर ठेवशील?" सासूबाई रिकामा पेला हातात धरून तशाच उभ्या होत्या. "कोरं पान, पूर्ण सही, खाली तारीख. अगं, त्या माणसानं तेरा वर्षं तिच्याकडून कोऱ्या कागदांवर सह्या करून घेतल्यात. आणि फुशारकी मारत सांगतोय!"

मी मुलीला फोन लावला. हे तू मला का सांगितलं नाहीस म्हणून विचारलं.

"ते?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "ते तर रोजचंच होतं."

३

मूळ कागद बघायची परवानगी तीन दिवसांनी मिळाली. रेकॉर्डच्या खोलीत खिडकीपाशी एक लांब टेबल होतं. कारकुनानं कागद काचेखाली ठेवला आणि हात न लावण्याची तंबी देऊन समोरच स्टूल टाकून बसला.

"रुंदीला बोटभर कमी आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या फाईलमधला कोरा कागद काचेवर शेजारी ठेवला. खरंच, डावी बाजू बोटभर आत होती आणि कड सुरीसारखी सरळ होती. वहीत शिवलेल्या पानाला दोऱ्याची भोकं असतात. ती भोकं कुणीतरी कापण्याच्या मशीनवर उडवली होती.

"पण कागद कमी रुंदीचा असणं हा काही गुन्हा नाही," मी म्हणाले. "त्यांचं दुकानच कागद कापायचं आहे."

"गप गं जरा." त्या काचेवर इतक्या वाकल्या की कारकून खोकला. "इथे घडी होती."

मला ती दिसायला वेळ लागला. कागद नंतर दाबून सपाट केला होता, पण तिरप्या उजेडात एक रेघ दिसत होती. ती मध्यातून जात नव्हती. उजव्या कडेकडून वर चढत ती सहीच्या बरोबर मधून आणि मजकुराच्या शेवटच्या दोन ओळींतून तिरकी गेली होती.

"सूनबाई, शर्टावर शाई सांडली आणि मग शर्टाची घडी घातली, तर डाग कसा दिसतो?"

"मला काय माहीत?"

"घडीवर तुटतो. आणि आधी घडी पडली, मग शाई सांडली, तर घडीवरून सलग जातो. अडतीस वर्षं मी गिऱ्हाइकांशी याच्यावरून भांडले आहे. 'डाग तुमच्याकडे पडला' म्हणायचे. मी घडी उलगडून दाखवायची, की बघा, डाग आधी आणि घडी नंतर. मग गप बसायचे." त्यांनी काचेवर बोट टेकवलं आणि कारकुनानं 'बाई' म्हणताच उचललं. "आता बघ. सहीची शाई घडीवर तडकली आहे. तारखेचीही. म्हणजे सही आधी, घडी नंतर. आणि छापलेली अक्षरं?"

मी भिंग लावलं. शेवटच्या दोन ओळींतली अक्षरं घडीच्या रेघेवरून अख्खी, जराही न तुटता गेली होती. साक्षीदारांच्या सह्याही त्याच रेघेशेजारून जात होत्या, आणि भावाच्या सहीची शेपटी रेघेवरून सलग गेली होती.

"सही, मग घडी, मग मजकूर, मग साक्षीदार," मी म्हणाले. माझा आवाज कारकुनानं वर बघण्याइतका चढला. "तिनं सही केली तेव्हा कागद कोरा होता!"

त्याच दुपारी मी तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी म्हणून अर्ज लिहायला घेतला. मी खुशीत होते. सासूबाई नव्हत्या.

"आता काय?" मी विचारलं.

"ती घडी वाकडी आहे," त्या म्हणाल्या. "मला ती वाकडी घडी आवडली नाही."

४

अर्ज देऊन निघालो तेव्हा भाऊ आम्हाला रेकॉर्डच्या खोलीबाहेर जिन्यात सापडला. बापानं पाळतीवर धाडलं असणार. तिशी ओलांडलेला, ढेरी सुटलेला, बहिणीचेच डोळे. आम्हाला बघून पळावं की हसावं हे त्याला ठरवता येईना.

सासूबाईंनी त्याच्या बाहीवरचा खळीचा डाग बघितला. "कोमट पाणी आणि मऊ ब्रश. घासू नकोस, टिपून घे."

"हो, आजी," तो म्हणाला. सवयीनं म्हणाला असावा.

"बहीण कशी आहे असं विचारणार नाहीस?"

तो खाली बघायला लागला. "कशी आहे?"

"बरी आहे. जेवते. हसत नाही."

तो बराच वेळ जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखानं खरवडत राहिला. मग पाठ केलेलं बोलू लागला. "तिनं आमच्यासमोर सही केली. दुकानातल्या टेबलावर. संध्याकाळी."

मी त्याला थांबवलं आणि साक्षीदारानं माझ्याशी बोलू नये, स्वतःचा वकील बघावा, खोट्या साक्षीला शिक्षा असते, हे तिन्ही एका दमात सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"मी काही विचारत नाही बाबा," सासूबाई म्हणाल्या. "एवढंच, कागदाची घडी का घातली रे? कपाटात मावत नव्हता का?"

"घडी?" तो पहिल्यांदा खरा बोलला, कारण त्याला खरंच धक्का बसला होता. "वहीचे ताव सोडले तर आमच्याकडे चांगल्या कागदाला कुणी घडी घालत नाही. लहानपणी मी एकदा घातली, तर बाबांनी अख्खा दिवस उभं केलं होतं. बाबांनी स्वतः तो प्रेसखाली ठेवून सपाट केला, म्हणाले कुणाच्या हातचा हा..." आणि तो थबकला. आपण काय बोललो हे त्याला कळलं. तो दोन दोन पायऱ्या उतरत निघून गेला.

"म्हणजे घडी बापानं घातली नाही," मी म्हणाले. "भावानंही नाही. साक्षीदार मित्राच्या हातात तर कागद मजकूर छापल्यावर आला."

"घरात अजून एक माणूस आहे," सासूबाई म्हणाल्या.

मुलीनं पहिल्या दिवसापासून मला एकच गोष्ट बजावली होती. आईला यात ओढू नका. आई तशी नाही.

५

कागदावरची तारीख मुलीनं घर सोडलं त्याच दिवसाची होती, त्यामुळे शोध लागायला अडचण नव्हती. कोणत्या दिवशी कोणती वही तपासली हे त्या मुलीला तोंडपाठ होतं. चुकांच्या पाटीखाली तेरा वर्षं काढली की माणूस असलं पाठ करतं. त्या दिवशी तिनं तपासलेल्या चार ठिकाणच्या वह्या दुसऱ्या दिवशी पोचत्या झाल्या होत्या. एक शाळा, एक दवाखाना, एक गाण्याचा क्लास आणि एक वाचनालय.

"बांधून कोण द्यायचं?" मी विचारलं.

"आई," ती म्हणाली, आणि लगेच, "पण वह्या सगळ्यांच्या हाताखालून जायच्या."

शाळेत, दवाखान्यात आणि गाण्याच्या क्लासमध्ये शेवटच्या पानावर तिची सही जागच्या जागी होती, आणि आपल्या वहीला शेवटचं पान आहे हेही तिथल्या कुणाला ठाऊक नव्हतं. वाचनालयात मात्र ग्रंथपाल बसले होते. बारीक अंगाचे, मनगटावर रबरबँड, टेबलावर शिक्का आणि शाईची पेटी. त्यांच्याकडे आलेल्या कोऱ्या वहीचं प्रत्येक पान मोजून त्यावर आकडा उमटवल्याशिवाय ती वापरायला काढत नाहीत.

"ही वही?" त्यांनी ती क्षणात काढली. "हिचं शेवटचं पान शिवलेलं नाही. खळीनं चिकटवलंय. तपासणाऱ्याची सही नाही. मी त्याच दिवशी टिपून ठेवलंय."

त्यांनी टिपण दाखवलं. तारीख, वेळ, खाली शिक्का. त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. चोरी करणाऱ्यानं पान काढून वही तशीच पाठवली असती तर ते कुणाला सिद्ध करता आलं नसतं. पण हे बाइंडरचं घर. पान कमी असलेली वही दुकानाबाहेर जाऊ देणं त्या घरातल्या कुणालाच जमलं नसतं, म्हणून त्या जागी नवं पान चिकटवलं आणि पुरावा स्वतःच्या हातानं पोचता केला.

सासूबाईंनी पान उजेडात धरलं. खळीचा पट्टा एकसारखा नव्हता. ब्रशनं लावल्यावर येतात तशा रेघा नव्हत्या. बोटानं सारवल्यासारख्या लाटा होत्या.

"वही आणून कुणी दिली?"

"बाइंडरच्या बायकोनं," ग्रंथपाल म्हणाले. "एरवी मुलगा आणतो. त्या दिवशी त्या आल्या. आणि एक सांगू? जाताना म्हणाल्या, 'पानं मोजून घ्या हं, साहेब.' मी मोजतोच, पण मला मोजायला सांगणारं बाइंडरकडचं माणूस नोकरीत पहिल्यांदा भेटलं."

६

मी मुलीला ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं. हे काम मला कधीच चांगलं जमत नाही. मी बाहेर बघत बोलते आणि पेपरवेट फिरवत राहते.

"खळ बोटानं लावते ती," ती म्हणाली. आवाज सपाट होता. "ब्रश बाबांना लागतो म्हणून. म्हणजे माझं पान तिनंच कापलं."

"हो."

"मला जायला जागा राहू नये म्हणून!" ती उभी राहिली, खुर्ची मागे पडली. "मी रात्रंदिवस तिची काळजी करते. मी गेल्यावर ती पाटी तिच्या नावानं सुरू झाली असेल म्हणून माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि तिनं..." सासूबाईंनी उठून खुर्ची सरळ केली, तिला बसवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी पेपरवेट खाली ठेवला.

"बाबासुद्धा अगदीच वाईट नव्हते," ती म्हणाली. "मला दाभण धरायला शिकवलं तेव्हा टोक लागू नये म्हणून माझ्या बोटाखाली स्वतःचा अंगठा ठेवला होता त्यांनी. मी नऊ वर्षांची होते. मग काय झालं, मला कळत नाही."

तेवढ्यात दार वाजलं. दारात तिची आई उभी होती.

ठेंगणी बाई, हातात भाजीची पिशवी, पिशवीत भाजी नाही. ग्रंथपालांनी कळवलं म्हणाली. मी तिलाही तेच सांगितलं जे तिच्या मुलाला सांगितलं होतं. मी तुमच्या मुलीची वकील आहे, तुमची नाही. इथे जे बोलाल ते तुमच्या अंगाशी येऊ शकतं. आधी स्वतःचा वकील गाठा, मी दोन नावं देते.

"बोलायचं तर आहे," ती म्हणाली. मुलीकडे मात्र बघेना.

"मग मी बोलते, तुम्ही फक्त चुकलं तर सांगा," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "तुमच्या मालकांनी सांगितलं, एक सहीचं पान काढून दे. नाही म्हणायची तुमची ताकद नव्हती. त्या दिवशी चार ठिकाणच्या वह्या तुमच्यापुढे होत्या. तीन ठिकाणी शेवटचं पान कुणी बघत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही चौथ्या ठिकाणची वही निवडली, जिथे पानं मोजतात. आणि तरीही मनाची खात्री होईना म्हणून वही घेऊन स्वतः गेलात आणि मोजून घ्या म्हणालात."

आईनं होकारार्थी मान हलवली.

"आता घडी. सूनबाईला वाटलं, पान लपवून न्यायला घातली असेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण वह्या शिवण्याआधी तावांच्या घड्या तुम्हीच घालता ना, किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून. चौतीस."

"चौतीस वर्षं घड्या घातलेल्या हाताची घडी वाकडी पडत नाही. झोपेत घातली तरी कोपऱ्याला कोपरा लागतो. मी लाँड्रीवाली आहे, मला कोण फसवणार? वाकडी घडी पाडावी लागते. ती मध्यातून गेली असती तर कोऱ्या जागेतून गेली असती. तुम्ही ती बरोबर सहीतून नेली, आणि वर जिथे मजकूर येईल तिथून. पान मालकांच्या हातात जाण्याआधी."

आईनं पहिल्यांदा मुलीकडे बघितलं.

"एकदा छापखान्यातल्या माणसानं सांगितलं होतं," आई म्हणाली. "सहीवर घडी पडली की सही कधीची ते कळतं. मला नीट माहीत नव्हतं. म्हटलं, कुणीतरी शहाणं बघेल. नाही म्हणता आलं नाही, एवढंच करता आलं."

मुलगी उठली. मला वाटलं ती आईच्या गळ्यात पडेल. ती पडली नाही.

"एकदा नाही म्हणाली असतीस," ती म्हणाली. "तेरा वर्षांत एकदा. ती पाटी एकदा पुसली असतीस."

"हो," आई म्हणाली.

"मी काय करू आता? तुझ्यावर पण केस करू?"

आईनं पिशवीची घडी घातली, अगदी कोपऱ्याला कोपरा लावून, आणि ती मांडीवर ठेवली. "तुझी वकीलबाई सांगेल तसं कर. मी कोर्टात येते. जे सांगितलं ते तिथे सांगते."

"बाबांसमोर?"

आईनं पिशवी उचलली आणि ती दाराकडे वळली. ती येईल यावर माझा चार आण्यांइतकाही विश्वास नव्हता.

७

सुनावणीच्या सकाळी तज्ज्ञाचा प्राथमिक अभिप्राय आला, सासूबाई जे म्हणाल्या तेच, फक्त सहा पानी. ग्रंथपाल वही, टिपण आणि मनगटावरचा रबरबँड घेऊन हजर होते. बाइंडर पहिल्या बाकावर ताठ बसले होते. त्यांच्या शेजारी मुलगा. आईची जागा रिकामी होती.

त्यांचे वकील म्हणाले, तज्ज्ञ चुकू शकतो, पान प्रवासात फाटू शकतं, ग्रंथपाल विसरू शकतात. मुलगी आईबापावर रागावली आहे, झालं. घरातलं भांडण कोर्टात आणायचं नसतं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, हे पान कुणी काढलं, हे सांगणारं कुणी आहे का?

मी तोंड उघडणार एवढ्यात मागून आवाज आला. "मी काढलं."

आई दाराशी उभी होती. किती वेळ उभी होती देव जाणे. शेजारी मी सुचवलेल्यांपैकी एक तरुण वकील होता, तिच्याहूनही घाबरलेला.

"खाली बस!" बाइंडर ओरडले. "तुला काय कळतं त्यातलं?"

चौतीस वर्षं हा आवाज ऐकला की ती बसत आली होती. गुडघे वाकलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मग तिनं साक्षीच्या कठड्याला धरलं. "कळतं," ती म्हणाली. "चुकांची पाटी मी रोज वाचत होते. माझ्या मुलीच्या कामात चूक नव्हती. मी मोजत होते. तेरा वर्षांत सात चुका. बाकीच्या यांनी लिहिल्या." आणि तिनं पानाची गोष्ट सांगितली. मध्ये दोनदा थांबली, पण शेवटपर्यंत गेली. भावानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. त्याला साक्षीला बोलावलं तेव्हा तो एवढंच म्हणाला की मी सही केली तेव्हा बहीण तिथे नव्हती.

हुकूम दुपारी झाला. तो कागद निकाल लागेपर्यंत ग्राह्य धरायचा नाही. फसवणुकीची चौकशी वेगळी होईल. वडिलांनी मुलीच्या घरी, कामावर किंवा फोनवर कुठल्याही मार्गानं संपर्क साधायचा नाही. सर्टिफिकेटं, ओळखपत्र, बँकेचं कार्ड आठ दिवसांत कोर्टात जमा करायचं. मजुरीच्या मागणीला पुढची तारीख. आणि आत्याच्या खोल्यांची किल्ली मुलीला द्यायची. बाइंडर हुकूम ऐकून ताठच बाहेर गेले, पण जिन्यात त्यांना कठडा धरावा लागला. मला त्यांची कीव आली नाही. सासूबाईंना आली. हा आमच्यातला फरक.

बाहेरच्या व्हरांड्यात मायलेकी समोरासमोर उभ्या राहिल्या. मी आणि सासूबाई खांबाआड सरकलो, म्हणजे मी सरकले. सासूबाई कान देऊन उभ्याच होत्या.

"मी आता त्या घरी जात नाही," आई म्हणाली. "बहिणीकडे जाते. पण..." तिनं मुलीच्या बाहीला नुसतं बोट लावलं. "तुझ्याकडे येऊ का राहायला? त्या खोल्यांत?"

मुलीनं आपल्या बाहीवरच्या बोटाकडे बघितलं. हो म्हण असं वाटत होतं, आणि नको म्हणू असंही वाटत होतं. वकील म्हणून मी बरेच हुकूम आणले आहेत. या प्रश्नावर कुठलं कोर्ट हुकूम देत नाही.

"राहायला नको, आई," ती शेवटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता. "आत्ता नको. मला आधी एकटीनं राहून बघायचंय. पण रविवारी ये. चार वाजता."

"येते." आईनं घाईघाईनं डोळे पुसले. "काय आणू? तुझी सर्टिफिकेटं काढून आणू का कपाटातून? त्यांची किल्ली मला..."

"काही आणू नकोस," मुलगी म्हणाली. तिनं आईचा हात हातात घेतला. "ते आता कोर्ट बघेल. तू नुसती ये."